एका ‘ल’ची भागीदारी

आमची कंपनी पिंगुळीत आहे असं सांगितलं की बाहेरची माणसं विचारतात, "आणि हेड ऑफिस?" हेड ऑफिसही पिंगुळीतच. शाखाही तीच. हमरस्त्याला लागून मोटार रिवाइंडिंगचं एक दुकान आहे, त्याच्या माडीवर आमच्या दोन खोल्या. खाली वॉर्निश तापलं की वर सगळं सॉफ्टवेअर खोकायला लागतं. माणसं पाच. मी, एक प्रोग्रामर, फोन घेणाऱ्या दोघी बायका, आणि दवाखान्यांतून कॉम्प्युटर बसवून देणारे व बिघडला की शिव्या खाऊन येणारे एक गृहस्थ.

त्याआधी मी ओरोसला एका सरकारी कचेरीत होते. टाइपरायटर गेला आणि त्याच टेबलावर कॉम्प्युटर आला, तेव्हा त्याच खुर्चीवर मी होते. माझी एवढीच लायकी धरून मला कॉम्प्युटरची जाणकार ठरवण्यात आलं, आणि माणूस काय, चार जणांनी म्हटलं की स्वतःलाही पटतं. पंचेचाळिशी उलटल्यावर मी नोकरी सोडली आणि कंपनी काढली. नवरा तेव्हा एसटीत कंडक्टर होता. तो म्हणाला, "सुटे आसत काय बघ, आणि चड गाडीत." परवानगी देण्याची ही त्याची पद्धत.

आमचं सॉफ्टवेअर एकच काम करतं. डॉक्टरांकडे नंबर लावतं. आमच्याकडे पूर्वी नंबर लावायचा म्हणजे पहाटेच्या गाडीने यायचं, डॉक्टरांच्या पायरीवर आपली पिशवी नाहीतर चप्पल रांगेत ठेवायची आणि दुपारपर्यंत बसायचं. चपलेचा नंबर यायचा तेव्हा माणूस चहाला गेलेला असायचा. आम्ही ते फोनवर आणलं. फोन करा, नाव आणि गाव सांगा, आमची बाई लिहून घेईल. यात काय मोठं, असं कोणीही म्हणेल, आणि मोठ्या शहरातल्या कंपन्या म्हणायच्याच. पण आमच्या सॉफ्टवेअरला एसटी कळायची. कुठल्या गावची गाडी किती वाजता पोचते, कुठली ड्रायव्हरच्या चहासाठी थांबते, बाजाराच्या दिवशी कुठली हमखास लेट, हे सगळं नवऱ्याने तोंडी सांगितलं आणि आमच्या प्रोग्रामरने ते आत बसवलं. माणसाला नंबर मिळायचा तो त्याची गाडी बघून. म्हातारी गाडीतून उतरायची, चालत दवाखान्यात यायची, की तिचाच नंबर.

ही प्रोग्रामर मुलगी फोंडाघाटच्या बाजूची. घरची भातशेती, थोडे काजू. पुण्याला दोन वर्षं नोकरी करून परत आली होती. तिथली हवा मानवली नाही असं ती सांगते. मला वाटतं तिथे तिला दिवसभरात कोणी ‘गो’ म्हणत नव्हतं. आमच्याकडे ती पहिल्या दिवसापासून आहे. म्हणजे होती. आमची कंपनी म्हणजे तिचं डोकं आणि माझी सही, हे मी चारचौघांत कबूल करत नसले तरी इथे लिहून ठेवते. ती मला ताई म्हणायची, आणि चुकले की "ताई, तुमका नाय कळाचां, तुमी सही करा" असंही म्हणायची.

पुण्याच्या कंपन्या तिला दर दोन महिन्यांनी बोलवायच्या. ती नाही म्हणायची. पण तिचा बाप कधी कुडाळला बाजारहाटाला आला की माडी चढून यायचा, पाणी प्यायचा आणि एकच प्रश्न विचारायचा. "ताई, हिका हय ठेवू नकात असां मी कधी सांगूक नाय. पण हिचां पुढे काय?" पाच माणसांच्या कंपनीत पुढे काय असणार? पुढे जिना आणि खाली मोटारी. मी चहा मागवून विषय बदलायची, आणि तो चहा पिऊन समाधान झाल्यासारखं दाखवायचा. दोघांनाही माहीत होतं की हे फार दिवस चालायचं नाही.

म्हणून बेंगळूरच्या एका मोठ्या कंपनीचं पत्र आलं, की आम्हाला तुमचे ‘टेक्नॉलॉजी पार्टनर’ व्हायचं आहे, तेव्हा मला त्या भागीदारीतून एकच गोष्ट हवी होती. ही मुलगी इथून जाऊ नये. बाकी कंपनीचा विस्तार, वाटचाल, उज्ज्वल भवितव्य, हे शब्द मी कचेरीत निरोप समारंभाच्या भाषणांत इतके टाइप केले होते की मला त्यांचं काही वाटत नाही.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "पार्टनर? पत्त्यांतलो की जल्माचो?" मी म्हटलं, धंद्यातला. "म्हणजे पत्त्यांतलो," तो म्हणाला आणि पेपर वाचायला लागला.

त्यांच्याकडे एक यंत्र होतं. ते फोन घ्यायचं, माणसाचं बोलणं ऐकायचं, समजून घ्यायचं आणि आपलं आपण लिहून ठेवायचं. मराठी येतं, असं त्यांनी सांगितलं. आमच्याकडे दवाखाने होते आणि बोलणारी माणसं होती. तीन डॉक्टरांकडे तीन महिने यंत्र चालवायचं, ठीक चाललं तर करार पक्का, पिंगुळीत मोठं ऑफिस, आणि त्या मुलीच्या हाताखाली दहा माणसं. हे शेवटचं मी कराराआधी दोनदा विचारून घेतलं. दोन्ही वेळा ते "अर्थात" म्हणाले.

करार तीस पानांचा होता. आमच्याकडे देवळात गाऱ्हाणं घालतात. गावकर देवापुढे उभा राहून एकेक मागणं खणखणीत आवाजात मांडतो आणि प्रत्येक मागण्यानंतर मागची सगळी माणसं "व्हय म्हाराजा" म्हणतात. मागणं काय होतं हे मागच्या रांगेत ऐकू येतंच असं नाही, पण व्हय म्हाराजा चुकत नाही. आमची कराराची बैठक तशीच झाली. पडद्यावर त्यांचा वकील एकेक कलम वाचत होता, आणि आम्ही पाच जण एका बाकावर बसून मान हलवत होतो. त्यात एक कलम होतं, की उभय पक्षांना परस्परांच्या मनुष्यबळाचा लाभ घेता येईल. मी ते नीट ऐकलं. मला आनंद झाला. बेंगळूरची हुशार माणसं पिंगुळीला येऊन बसणार, आमच्या मुलीला शिकवणार, असं चित्र मी त्या एका वाक्यावर काढलं. सरकारी कचेरीत हयात घालवलेली बाई मी, ‘उभय’ शब्दाला भुलले.

सह्यांच्या दिवशी त्यांचा एक अधिकारी स्वतः आला. तिशीचा, हसतमुख मुलगा. पुण्यात तीन वर्षं भाड्याने राहून त्याने कामापुरतं मराठी जमवलं होतं. खालच्या दुकानदाराने त्याच्यासाठी जिना धुतला. पंचायतीने शाल-श्रीफळ दिलं. आम्ही त्याला पिंगुळीची एक कळसूत्री बाहुली भेट दिली. दोऱ्या कोणाच्या हातात वगैरे विनोद नवऱ्याने तेव्हाच करून घेतले, त्यामुळे मी करत नाही.

निघताना तो अधिकारी दारात उभा राहून म्हणाला, "चला, मी जातो."

फोन घेणाऱ्या आमच्या दोघी एकदम ओरडल्या. "अरे सायबानु, जातंय म्हणू नये! येतंय म्हणाचां."

त्याला कळेना. मी समजावून सांगितलं, की जातो म्हणणारा माणूस कायमचा जातो असं आम्ही मानतो, म्हणून जाताना येतो म्हणायचं. त्याला हे फार आवडलं. त्याने ते फोनमध्ये लिहून घेतलं. "येतो," तो म्हणाला, आणि गेला. त्यानंतर दर शुक्रवारी पडद्यावरची बैठक संपताना तो न चुकता "येतो" म्हणायचा. पुन्हा कधी आला नाही. आणि फोनमध्ये लिहून घेतलेलं आपल्या यंत्राला सांगायचं मात्र त्याला सुचलं नाही. आम्हाला तरी कुठे सुचलं?

यंत्र सुरू झालं. पहिले दोन महिने मी हवेत होते. शुक्रवारी अहवाल यायचा, त्यात प्रत्येक फोनपुढे एक ठिपका. येणार असेल तर हिरवा, येणार नसेल तर लाल, नक्की नसेल तर पिवळा. आमचे अहवाल इतके हिरवे असायचे की श्रावणात परसदारी बघावं. अधिकारी म्हणायचा, इतका चांगला प्रतिसाद आम्हाला कुठल्याच जिल्ह्यात नाही, तुमच्याकडची माणसं फार शब्दाची पक्की. मी मान तुकवून स्तुती घ्यायची. आमच्याकडची माणसं कशाची पक्की आहेत हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण परक्या तोंडून गावाची तारीफ ऐकली की कोण खोडून काढतो?

एका सोमवारी मालवणच्या डॉक्टरांचा फोन आला. म्हातारे, बंदराजवळ दवाखाना, चाळीस वर्षं त्याच ओट्यावर. एरवी माझ्याशी कचेरीतलं मराठी बोलतात. त्या दिवशी नाही बोलले.

"गो बाय, तुझो कागद म्हणता आज बावीस माणसां येतत. हय ओट्यार एक कुत्रो आसा आणि एक चाचा. कुत्र्याक नंबर दिलंस काय?"

मी म्हटलं, बघते. आणि प्रोग्रामर मुलीला सांगितलं. तिने त्या दिवसाचे सगळे फोन काढले आणि आम्ही दोघी ऐकायला बसलो. पहिलाच आवाज एका म्हातारीचा होता.

"आज काय माका जमाचां नाय गो बाय. पायाक सूज इली आसा. झील इलो गाडी घेवन, तर बघूया. बरां, येतंय हां."

समोर हिरवा ठिपका. ‘रुग्ण येणार.’

दुसरा फोन तसाच. तिसरा तसाच. प्रत्येक माणूस पायापासून गुरापर्यंत सगळ्या अडचणी सांगत होता, न येण्याची कारणं देत होता, आणि फोन ठेवताना घरंदाज माणसासारखा "येतंय" म्हणत होता. त्यापुढे यंत्र हिरवा ठिपका देत होतं. पिवळा ठिपका सबंध यादीत एकच होता. तो त्या ओट्यावर बसलेल्या चाचांचा. सुक्या मासळीचा धंदा करणारे बंदरावरचे चाचा. फोनवर ते म्हणाले होते, "इन्शाल्ला, येतलंय." यंत्राला इन्शाल्लात शंका दिसली. बावीस हिरव्यांतलं कोणी आलं नाही, आणि पिवळा तेवढा वेळेवर येऊन बसला.

मुलीने चाचांचा फोन पुन्हा लावला. मग म्हातारीचा. मग परत चाचांचा. आणि म्हणाली, "ताई, हेका ‘ल’ ऐकाक येणा नाय."

आमच्या बोलीत खरोखर येणारा माणूस म्हणतो, येतलंय. जाणारा म्हणतो, येतंय. मधे एक ‘ल’. आईच्या पोटातून आल्यासारखा तो आम्हाला कळतो, कोणी शिकवत नाही. बेंगळूरच्या यंत्राने तो गिळला होता, आणि आमच्या कंपनीचं सगळं भवितव्य त्या गिळलेल्या ‘ल’वर हिरवं झालं होतं.

मी हसले. ती हसली नाही. ती पुढचे फोन ऐकत होती. त्यात एक फोन आडगावातल्या एका बाईचा होता. कडेवरचं पोर रडत होतं. यंत्राने तिला गोड आवाजात सांगितलं, क्षमा करा, आजचे नंबर संपले आहेत. संपणारच, बावीस भुतं रांगेत होती. ती बाई म्हणाली, "बरां तर, येतंय." यंत्राने तिचं नाव दुसऱ्या दिवशीच्या यादीत हिरवं करून टाकलं.

"ही बाई खंय गेली असात?" मुलगी म्हणाली.

रात्री आम्ही डॉक्टरांना फोन केला. बाई नंबर नसताना तशीच निघाली होती आणि संध्याकाळी येऊन बसली होती. पोराला तापाचं औषध मिळालं, पोर बरं होतं. मला सुटल्यासारखं वाटलं. आणि सुटल्यासारखं वाटल्याबरोबर मी काय केलं, ते सांगायला लाज वाटते. मी म्हटलं, "शुक्रवारच्या बैठकीत काही बोलू नको. तीन महिने पुरे होऊ दे."

"कित्याक?"

करार पक्का व्हायला तीन आठवडे राहिले होते. हिरवे ठिपके लाल झाले तर भागीदारी जाईल, भागीदारी गेली तर मोठं ऑफिस जाईल, आणि ऑफिस गेलं तर ही जाईल. हे मी तिला कसं सांगणार? चार दिवस मी गप्प बसले. दोघी फोनवाल्यांना सांगितलं, की मालवणला सगळ्यांना तुम्ही स्वतः उलटा फोन करून विचारा. म्हणजे यंत्र हिरवं लिहीत होतं आणि आम्ही मागून हाताने खरं करत होतो. कचेरीत असताना असल्या कामाला आम्ही ‘कागद जुळवणं’ म्हणायचो. त्यात मी पटाईत होते.

शुक्रवारी अधिकारी पडद्यावर आला, हिरवळ बघून खूष झाला, आणि म्हणाला, "काही सांगायचं आहे?" मी नाही म्हणून मान हलवली. माझ्या शेजारून ती म्हणाली, "सांगायचं आहे." आणि प्रमाण मराठीत, मग इंग्रजीत, शांतपणे सगळं सांगितलं. येतंय सांगितलं. येतलंय सांगितलं. त्या बाईचा फोन ऐकवला.

तो म्हणाला, "पण रिपोर्ट तर चांगला आहे."

"म्हणूनच सांगते," ती म्हणाली.

मला तिचा राग आला. खरंच आला. मी इतकं करते ते कोणासाठी, आणि ही माझ्याच शेजारी बसून माझ्या कंपनीवर माती टाकते. बैठक संपल्यावर मी तिच्याशी बोलले नाही. खाली मोटार घरघरत होती तेवढाच आवाज. संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "तिकीट न काढता बसलेल्यांक मोजून गाडी फुल्ल म्हणूची नाय." मी त्याच्याशीही बोलले नाही.

पुढचे दोन महिने तिने त्या यंत्राला ‘ल’ शिकवला. तीन महिन्यांची मुदत त्यांनीच वाढवून दिली. हजारो फोन ती आणि आमच्या दोघी बायका मिळून ऐकत होत्या आणि एकेकापुढे खरं काय ते लिहीत होत्या. यंत्र चुकलं की माणसाने दुरुस्त करायचं, आणि दुरुस्तीवरून यंत्राने शिकायचं, असा तो प्रकार. तिने एका वहीत आमच्याकडचे नकार लिहून काढले. ‘बघूया’ म्हणजे नाही. ‘बघतंय’ म्हणजेही नाही, पण वाईट वाटून. ‘झीलाक विचारतंय’, मुलाला विचारते, म्हणजे नाही आणि पुन्हा विचारू नका. सरळ ‘नाय’ म्हणणारा माणूस सबंध वहीत एक सापडला, तो मूळचा घाटावरचा निघाला. रोज संध्याकाळी ऑफिस बंद करायच्या आधी ती स्वतः कंपनीच्या नंबरावर फोन करायची, कधी म्हातारीचा आवाज काढून तर कधी चाचांचा, आणि यंत्र काय लिहितं ते बघायची. दोघी बायका हसून लोळायच्या. हळूहळू यंत्र शहाणं झालं. मालवणच्या ओट्यावर चौदा म्हटलं की चौदा माणसं येऊ लागली. डॉक्टरांनी फोन करून सांगितलं, "आता बरां आसा. कुत्र्याचो नंबर रद्द झालो."

आणि बेंगळूरला तिचं नाव झालं.

मला वाटलं होतं भागीदारी मोडेल. मोडली नाही, चांगली घट्ट झाली. त्यांच्या वरच्या साहेबांनी पडद्यावर येऊन सांगितलं, की आम्ही इतकी वर्षं यंत्राला शब्द शिकवत होतो, ऐकायचं कसं ते या मुलीने शिकवलं. देशभरातल्या बोलींचं काम आहे, ते हिच्या हाती द्यायचं आहे. बेंगळूरला. मी म्हटलं, पिंगुळीत मोठं ऑफिस ठरलं होतं ना? ते म्हणाले, अर्थात, तुमचं ऑफिस वाढणारच आहे. आणि वकिलाने कलम वाचून दाखवलं. उभय पक्षांना परस्परांच्या मनुष्यबळाचा लाभ. त्यांची माणसं येणार असं मी ऐकलं होतं. कागदावर तसं कुठेही नव्हतं. यंत्राला नावं ठेवणारी मी, मीही समोरच्याचं सगळं बोलणं सोडून फक्त हिरवा ठिपका ऐकला होता.

तिने लगेच हो म्हटलं नाही, हे तिच्या बाजूने सांगितलं पाहिजे. दोन आठवडे ती नेहमीसारखी फोन ऐकत बसली. मग तिचा बाप माडी चढून आला. पाणी प्यायला. या वेळी त्याने तो नेहमीचा प्रश्न विचारला नाही.

"ताई, ती म्हणता, ताई सांगतीत तसां. तुमी सांगा. धाडू काय नको?"

चहा मागवून विषय बदलता आला असता. ती आतल्या खोलीत होती, दार उघडं होतं, आणि किबोर्डचा आवाज थांबला होता. मला ‘नको’ म्हणायचं होतं. अगदी ओठांवर होतं. मी म्हटलं, "धाडा." आणि बघूया, बघते, विचारते, यातलं काहीही त्याला जोडलं नाही.

शेवटच्या दिवशी तिने सगळ्यांना खाली टपरीवर चहा दिला. बापाने एका पिशवीत कोकमाची सोलं, तांदूळ आणि काजू भरून आणले होते, ते बेंगळूरला मिळत नाही अशा समजुतीने. साडेपाचला तिने नेहमीप्रमाणे कंपनीच्या नंबरावर चाचणीचा फोन लावला. कोणाचा आवाज काढला नाही, आपल्याच आवाजात काहीतरी बोलली. मग माझ्या पाया पडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"येतंय, ताई," ती म्हणाली.

मी त्या ‘ल’साठी कान लावून उभी होते. तो नव्हता. असता तरच नवल, जाताना कोणी येतलंय म्हणत नाही.

सगळे खाली गेल्यावर मी तिच्या खुर्चीवर बसले. पडद्यावर त्या दिवशीची यादी होती. सगळ्यात खाली तिचा चाचणीचा फोन. यंत्राने अक्षर न अक्षर बरोबर लिहून घेतलं होतं. ‘माका आता हय येवक जमाचां नाय. काळजी घेवा. बरां, येतंय हां.’ आणि पुढे लाल ठिपका. ‘येणार नाही.’

यंत्र शिकलं होतं. तिनेच शिकवलं होतं, आणि इतकं चांगलं, की आता त्याला फसवता येत नव्हतं. पण चूक दिसली की माणसाने दुरुस्त करायची, असा नियम आहे. मी लाल ठिपक्यावर बोट ठेवलं, दुरुस्तीची चौकट उघडली, आणि हिरवा करून टाकला. ‘रुग्ण येणार.’

आता कंपनीचं उत्तम चाललं आहे. शेजारच्या जिल्ह्यांतले डॉक्टर आले. खालचा दुकानदार वॉर्निश मागच्या अंगणात तापवतो, कारण वर पाहुणे येतात. आमच्या दोघी बायकांना ‘भाषा तपासनीस’ म्हणतात आणि त्या तशा वागतातही. बेंगळूरच्या कंपनीच्या वेबसाइटवर अगदी तळाला आमचं नाव आहे. कुणी विचारलं भागीदारीने कंपनीचं भलं झालं का, तर झालं. मी खोटं कशाला सांगू?

ती गेल्यावर पंधरा दिवसांनी दुपारी ऑफिसचा फोन वाजला. सवयीने तिने नंबर लावायच्या, यंत्राच्या लाइनवरच केला होता, आणि माणसाशी बोलायचं म्हणून सांगून मला मागून घेतलं होतं.

"ताई, माझां काम सुरू झालां. सगळीकडचे दुरुस्त केलेले फोन तपासूचे. पिंगुळीची एक नोंद कोणीतरी चुकीची दुरुस्त केलेली आसा."

"माका माहीत आसा," मी म्हटलं.

"कोणी केल्यान?"

"मी."

पलीकडे पुष्कळ माणसांचा, मोठ्या ऑफिसचा आवाज येत होता.

"अशी एक जरी ऱ्हवली, तरी यंत्र चुकीचां शिकता, ताई."

"मगे पूस. तुझां काम आसा तां."

ती म्हणाली, "रवांदे तशीच." आणि घाईघाईने, कोणीतरी तिला बोलावत असावं, म्हणाली, "बरां ताई, ठेवतंय आता…" पुढे आणखी एक शब्द होता. खाली त्याच वेळी मोटार सुरू झाली, आणि त्यात ‘ल’ होता की नव्हता ते मला कळलं नाही.

लाइन आमचीच होती, तेव्हा यंत्राने तो शब्द नक्की ऐकला असणार आणि बरोबर लिहून ठेवला असणार. त्या दिवशीची यादी मी अजून उघडलेली नाही.